खुंटाची जागा

कांदळपाडा
२७ मे, मंगळवार, अमावास्या

नेत्रा,

तुझा निरोप तुझ्या आईच्या, नलिनीच्या, फोनवर आला. "बयला सांग, लिहायचंच असेल तर गावाचं लिही. घरातलं एक अक्षर नको." नलिनीनं तो मला दोनदा वाचून दाखवला आणि फोन पदरात गुंडाळून ठेवला. बरं. गावाचं लिहिते. चौथी झालेल्या बाईकडून गाव मागितलंस, तर जसं येईल तसं घे.

आधी एक गोष्ट लिहून टाकते म्हणजे पुढे अडायला नको. ही घरातली नाही, गावातली आहे, पोलिसांकडेही लिहिलेली आहे. संक्रांत झाल्यावर, धुक्यात, रामचंद्र तांडेलाची होडी बार्जवर आदळली. बरोबरचा खलाशी, भावकीतला पुतण्या प्रितम, वाचला. रामचंद्र मिळाला नाही. रामचंद्र माझा मुलगा आणि तुझा बाप, हे मात्र घरातलं झालं, म्हणून ते लिहीत नाही.

आता गाव. घाटकोपरला पूर्वेला उतरायचं, हायवे ओलांडायचा, मग मिठागराच्या बांधावरून चालत यायचं. तुला रस्ता ठाऊक आहे, पण तू विसरलीस असं धरून लिहिते. बांधाच्या दोन्ही अंगाला तिवरं. पूर्वी ती कमरेएवढी होती, जळण म्हणून तोडायचो. आता तोडली तर गार्ड शिटी मारतो, म्हणून ती माणसाच्या दुप्पट झाली आहेत आणि आत शिरलेलं कुत्रं परत बाहेर येत नाही. तिवरं संपली की आपली घरं, घरांपुढे मासे वाळवायच्या वलांड्या, वलांड्यांपुढे धक्का, धक्क्यापुढे चिखल, चिखलापुढे खाडी. ओहोटीला चिखल एवढा लांब जातो की पाणी होतं की नव्हतं असं वाटतं. हिवाळ्यात त्या चिखलात गुलाबी पक्षी येतात आणि ते बघायला गाड्या घेऊन माणसं येतात. नाकाला रुमाल लावतात आणि फोटो काढतात. आमचं सुकट त्यांच्या फोटोत नको असतं. एक बाई मला म्हणाली, "आजी, जरा बाजूला होता का?" मी म्हटलं, "बाई, मी पक्ष्यांच्या आधीपासून हितं हाय."

गाव कसं वसलं ते सांगते. अलिबागच्या अंगानं तीन होड्या आल्या, वादळात भरकटून. परत जाता येईना म्हणून राहिल्या. मोठी कहाणी नाही. पाण्यात मध्येच उंचवटा होता आणि उंचवट्यावर गोड्या पाण्याची विहीर लागली, एवढंच कारण. भरतीला गाव बेट व्हायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा वरात गुडघाभर पाण्यातून आली, आणि तुझ्या पणजोबानं नव्या नवरीला पहिलं वाक्य सांगितलं ते असं, "पोरी, लुगडं वर धर, मिठाचा डाग जात नाय."

आता हायवे आहे, म्हणून बेट नाही. विहिरीचं पाणी आता खारट लागतं. कुणी पीत नाही.

पत्र परत आलं नाही तर पोचलं असं समजेन. नागपूरला पोस्टमन येत असेल.

तुझी बय


११ जून, बुधवार

नेत्रा,

पत्र परत आलं नाही. उत्तरही नाही. गावाचं लिहिते.

काल वटपौर्णिमा झाली. गावातला वड तुला आठवतो, गावदेवीच्या मागचा. तो कुणी लावला नाही. देवळाच्या भिंतीत कावळ्यानं बी टाकलं आणि वडानं भिंत खाल्ली. मग लोकांनी देऊळ दोन हात पुढे सरकवलं, वड ठेवला. देवीला हलवता येतं, वडाला नाही.

काल सगळ्या बायका गेल्या. नलिनीपण गेली. हिरवं लुगडं, टोपलीत आंबे, सूत. मी तिला उंबऱ्यात विचारलं, "जातेस?"

"न जायला काय झालं?"

"काही नाय."

"मग?"

"मग काय. छत्री ने."

हे घरातलं नाही. रस्त्यावरून सगळ्यांच्या देखत चालत गेली म्हणजे गावातलंच झालं. वडाजवळ बायका होत्या, त्या हिला बघून बाजूला झाल्या, जशी वाटेत काच पडली की होतात. कुणी वाईट वागलं नाही. जागा केली. तीच जागा जरा जास्त झाली. नलिनी एकटीच फेऱ्या घालत होती आणि बाकीच्या सूत हातात धरून उभ्या. शेवटी रत्नप्रभा, ती आपल्या मागच्या खोलीतली, जिचा नवरा रोज दारू पिऊन तिलाच घराबाहेर काढतो, ती पुढे झाली आणि म्हणाली, "सरा गो सगळ्या. हिचा नवरा निदान घरी येऊन मारत तरी नाय." आणि नलिनीच्या मागे फेरी धरली. दोघीतिघी हसल्या. मग सगळ्या फिरल्या.

घरी येऊन नलिनीनं टोपली ठेवली आणि उरलेला आंबा चिरून मला दिला. बांगड्या हातात होत्या, गळ्यातलं गळ्यात होतं. काढायला सांगणारं कुणी नाही, कारण विधी झाला नाही. घाल म्हणणारंही कुणी नाही. आंबा आंबट होता.

तर गावातली रीत अशी. पाण्यात गेलेला माणूस मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. तोपर्यंत तो गेलेला धरत नाहीत. त्याची बायको सवाष्ण, त्याचं ताट मांडलेलं, त्याची पाण्यातली जागा त्याचीच. पण जागा कायमची नाही. पुढची नारळी पौर्णिमा येईपर्यंत.

ती ऑगस्टमध्ये आहे. नऊ तारखेला.

तुझी बय


२९ जून, रविवार

नेत्रा,

पाण्यातली जागा म्हणजे काय ते आज लिहिते. तुला माहीत आहे, पण तुझ्या नागपुरात कुणी विचारलं तर धड सांगता यावं.

शेतकऱ्याला शेत असतं तशी आपल्याला खाडीच्या तोंडाशी जागा असते, खाली ट्रॉम्बे आणि घारापुरीच्या मधल्या पाण्यात. तिथे तळात दोन खुंट ठोकलेले, ताडाएवढे लांब, वरची टोकं पाण्याखाली. त्यांच्यामध्ये डोल लावायची, म्हणजे पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून जातं, म्हावरं राहतं. आपण म्हावऱ्यामागे धावत नाही, म्हावरंच आपल्या जागेवरून जातं. म्हणून जागा महत्त्वाची. ज्या घराचे खुंट, त्या घराची जागा. सातबारा नाही, कागद नाही, पण दुसरा तिथे जाळं टाकणार नाही. आपली जागा तुझ्या पणजोबाच्या बापानं धरली. चांगलेपणात गावात दुसरी. पहिली पाटलाची, ते साहजिकच.

खुंट दिसत नाहीत. वर तरंगता बोया बांधला तर बार्जवाले कापून नेतात. मग जागा ओळखायची कशी? खुणांनी. मागे डोंगर, त्याच्या पुढे किनाऱ्यावरचं काहीतरी, ही दोन एका रेषेत आली पाहिजेत. दुसऱ्या अंगाला आणखी एक जोडी. दोन्ही रेषा जमल्या की खाली खुंट. घारापुरीच्या अंगाची जोडी डोंगरावर डोंगर आहे, ती हलत नाही. किनाऱ्याच्या अंगाला मागे ट्रॉम्बेच्या डोंगराचं टोक, आणि पुढे आधी एक ताड होता. तुझ्या पणजोबाच्या वेळी तो वादळात पडला. मग एका जुन्या कारखान्याची चिमणी धरली. ती मी होडीत बसून स्वतः बघितली आहे, वर पांढरा पट्टा होता. चिमणी मालकानं पाडली, जागा बिल्डरला दिली. मग टॉवर उभा राहायला लागला, एक नाही, सात. सगळे सारखे. कुठला कुठला ते पाण्यावरून कळत नाही.

रामचंद्र वर्षभर वैतागला होता. पाटलाला म्हणायचा, "हिराजीभाऊ, वाट लागली. आपल्या पुढे भिंत घातली."

मग टॉवरच्या डोक्यावरची क्रेन आली, तिच्यावर लाल दिवा. लुकलुकणारा. सातांत एकच. आणि ती साइट नेमकी तुझी, तू तिथे डिप्लोमा करून लागलेली. जेवताना तू म्हणालीस, "बाबा, ती क्रेन दोन वर्षं तरी हलत नाही. तोच दिवा धरा." रामचंद्रानं भाताचा घास तसाच हातात धरला आणि हसला. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर सगळ्यांना सांगत होता, "माझ्या पोरीनं खूण दिली."

ते जेवण घरातलं होतं. पण धक्क्यावर सांगितलं म्हणून लिहिलं.

क्रेन वर्षाच्या आत हलली. तुझी बदली दुसऱ्या साइटवर झाली होती, तुला कुणी कळवलं नाही. डोंगर धुक्यात दिसत नव्हता, दिवा दिसत होता. ते दिव्यावर गेले आणि बार्जच्या रस्त्यात शिरले.

हे मी काही नवीन सांगत नाही. हे प्रितमनं होडी आदळल्यापासून बाराव्या दिवशी भरल्या घरात सांगितलं आणि वर म्हणाला, "नेत्रानं दिलेल्या खुणेवर गेलो." त्या दिवशी तू बॅग भरलीस. मी तुला थांबवलं नाही. थांबवून थांबली असतीस असं मला वाटत नाही, आणि बसायला त्या घरात चटई पण मोकळी नव्हती.

पाऊस चालू आहे. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली आहेत. सध्या गावात काही घडत नाही.

तुझी बय


१६ जुलै, बुधवार

नेत्रा,

गावात घडलं.

रविवारी जमात बसली, गावदेवीच्या मंडपात. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे पायरीवर. आधी बर्फाच्या मशीनवर भांडले, मग धक्क्याच्या दिव्यावर, मग हिराजी पाटलानं घसा साफ केला आणि माझ्याकडे बघितलं.

"बय, रामचंद्राच्या जागेचं."

"बोल."

"पौर्णिमेच्या आत पुतळा झाला तर जागा घरात राहील. नाय झाला तर गावाकडे येईल. तुला माहीत हाय."

"माहीत हाय."

"मुलगा नाय. मग पुतण्या करील. प्रितम तयार हाय. पुतळा त्यानं करायचा, जागा तुमच्या घराची राहील, जाळं तोच लावील, अर्धा वाटा नलिनीला. कुणाचं वाईट नाय ह्यात."

"मूल हाय त्याला," मी म्हटलं. "नेत्रा हाय."

"पोरीनं अग्नी दिला तरी आमची हरकत नाय, बय. जमाना बदललाय. पण यायला तर पाहिजे. येते का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "ती कशाला येते. तिच्याच खुणेनं झालं." कोण ते मी बघितलं. नाव लिहीत नाही, त्याच्या आईची आणि माझी भाजी एकाच टोपलीत येते.

मग मी उठले. बायका जमातीत उठत नाहीत, पण माझे गुडघे बसूनही दुखतात. म्हटलं, "प्रितम, पुढे ये."

तो आला. पोरगा वाळला आहे. तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा असून शाळेतला दिसतो.

"सुकाणू कुणाच्या हातात होतं?"

"बय, ते..."

"मी दिव्याचं नाय विचारलं. सुकाणू."

"काका पुढे होते. दोर सोडत होते."

"मग मागे कोण?"

प्रितम म्हणाला, "मी."

"धुक्यात डोंगर दिसत होता?"

"नाय."

"मग थांबायला नको होतं?"

"मी म्हटलं काकांना. थांबू या, डोंगर दिसू दे. काका म्हणाले, दिवा दिसतोय ना, चल. पोरीनं सांगितलेला दिवा हाय." आणि मग तो रडायला लागला, उभ्या उभ्या, हात बाजूला लोंबत, डोळे न पुसता. हिराजी म्हणाला, "बस रे, बस." पण खुर्ची कुणी दिली नाही.

नेत्रा, मी हे तुझ्यासाठी काढून घेतलं असं समजू नको. मला माहीत करून घ्यायचं होतं. आपल्या गावात पाण्यावरचा कायदा एकच आहे. चल म्हणतो तो तांडेल, होडीचा मुख्य, आणि चुकलं तर तेही तांडेलाचं. खूण देणाऱ्याचं नाही, सुकाणू धरणाऱ्याचं नाही. नाहीतर कुणी कुणाला खूण सांगितलीच नसती. ताड पडला तेव्हा तीन घरांच्या होड्या चुकल्या, पण ताडाला कुणी शिव्या घातल्या नाहीत.

आणि तू सुटलीस असंही म्हणत नाही. दिवा तू सांगितलास. सुकाणू प्रितमनं धरलं. चल रामचंद्र म्हणाला. तिघांची मिळून एक चूक झाली, त्यातला एक पाण्यात राहिला. उरलेल्या दोघांनी ती अर्धी अर्धी घेतली तर दोघंही बुडतील आणि रामचंद्राचं ओझं काही कमी होणार नाही. तो तांडेल होता. त्याचं त्याच्याकडे राहू दे.

जमात उठली तेव्हा हिराजी माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "बय, प्रितमकडून करून घे. जागा जाईल. अशी जागा परत मिळत नाय." खरं बोलला. मी म्हटलं, "पौर्णिमेला सांगते."

हे सगळं गावातलं आहे.

तुझी बय


२ ऑगस्ट, शनिवार

नेत्रा,

मासेमारीची बंदी उठली. काल होड्या पाण्यात गेल्या. म्हणजे पौर्णिमेआधी जाऊ नये अशी जुनी रीत, पण सरकार तारीख देतं आणि डिझेलवाला थांबत नाही, म्हणून हल्ली आधी जातात आणि पौर्णिमेला नारळ देऊन माफी मागतात. समुद्राला ह्याची सवय झाली असेल.

धक्क्यावर चिखलात फळ्या टाकल्या होत्या. पोरं होड्या ढकलत होती. आपली होडी जिथे असायची तिथे आता कुणीतरी मोटरसायकल लावतो. मी जवळा निवडत बसले होते, दुसऱ्यांचा. नलिनी भाऊच्या धक्क्यावरून माल आणते आणि घाटकोपरच्या बाजारात विकते. विकत घेऊन विकायचं, घरचं नाही. परवा एक जुनी गिऱ्हाईक तिला म्हणाली, "कोलंबी तुमच्या जाळ्यातली ना?" नलिनी म्हणाली, "हो." गिऱ्हाईक गेल्यावर मला म्हणाली, "खोटं बोलले." मी म्हटलं, "कोलंबीला काय कळतं."

संध्याकाळी प्रितम आला. जानेवारीपासून उंबरा चढला नव्हता. दारात उभा. नलिनीनं म्हटलं, "आत ये, पावसात काय उभा राहतोस." आणि चहा टाकला. तुझी आई मला कधीकधी कळत नाही.

तो म्हणाला, "बय, मी पुतळा करत नाय. हिराजीकाकांना सांगितलं."

"का रे?"

"नेत्राला विचारल्याशिवाय नाय."

"तिचा फोन लागतो तुला?"

"नाय. ब्लॉक केलंय."

"मग विचारणार कसा, कबुतर पाठवून?"

नलिनीनं चहा दिला. तो बशीत ओतून प्यायला, जसा रामचंद्र प्यायचा, तिथंच शिकला असेल. मग खाली बघून म्हणाला, "काकी, माझ्या हातात सुकाणू होतं."

नलिनी म्हणाली, "ऐकलं जमातीत." मग डबा उघडत म्हणाली, "बिस्किट देऊ?"

त्यानं बिस्किट घेतलं आणि खाल्लं नाही. हातात धरून गेला.

तो गेल्यावर मी नलिनीला विचारलं. स्पष्ट विचारलं, कारण तिच्या गळ्यातलं आहे, माझ्या नाही. "तुझं काय म्हणणं? प्रितमला समजावू? पुतळा करून मोकळी होतेस? बाजारात लोक विचारतात, राशनच्या दुकानात विचारतात, वडाजवळ सरकतात. झालं गेलं होईल. जागा पण राहील."

ती वलांडीवरचं सुकट खाली काढत होती. म्हणाली, "आणि नेत्रा?"

"नेत्राला कळवू."

"कळवल्यावर ती येईल? केलेल्या विधीला?"

मी म्हटलं, "नाय येणार. मग तिला यायला कारणच उरत नाय."

"मग राहू दे," ती म्हणाली. "मला घाई नाय." आणि सुकट घेऊन आत गेली, कारण सर आली.

तर असं आहे. मी हे घरातलं लिहिलं. तुझा नियम मोडला. आता तू पत्र फाडलंस तरी इथपर्यंत वाचून झालं असेल.

तुझी बय


१० ऑगस्ट, रविवार

नेत्रा,

काल नारळी पौर्णिमा झाली.

तुझी वाट बघितली असं लिहिणार नाही. सकाळी नलिनी दोनदा बांधापर्यंत जाऊन आली, एकदा साखर आणायला आणि एकदा साखर घरात आहे हे विसरून.

मिरवणूक नेहमीसारखी. बँडवाला विक्रोळीचा, त्याला तीनच गाणी येतात. बायका नव्या लुगड्यात, अंगभर सोनं, पायात चिखल. सोन्याचा नारळ म्हणजे सोनेरी कागद लावलेला, तो पाटलाच्या हातात. धक्क्यावर एक पुढारी आला होता, त्यानं कोळी बांधवांना शुभेच्छा दिल्या आणि घड्याळ बघितलं. भरती लागली होती. उधाणाचं पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीपर्यंत आलं होतं, त्यात प्लॅस्टिक आणि झेंडू. हिराजीनं नारळ पाण्यात सोडला आणि सगळ्यांनी हात जोडले. मीपण जोडले. रागावून बसायला समुद्र काही माझा दीर नाही.

मग हिराजी वळला. गाव तिथंच उभं होतं, म्हणून तिथंच विचारलं. "बय, सांगणार होतीस."

मी म्हटलं, "जागा गावाची."

"बय, नीट विचार कर. पुढल्या पिढीचं..."

"पुढली पिढी नागपूरला हाय, हिराजी. जागा गावाची झाली. आता गावाला माझं एक मागणं, जागा प्रितमला द्या."

गलका झाला. कुणी म्हणालं, त्याच्याच हातून झालं आणि त्यालाच? कुणी म्हणालं, चिठ्ठ्या टाका. रत्नप्रभाचा नवरा म्हणाला, मला द्या, तेव्हा सगळे हसले, रत्नप्रभापण. मी थांबले. मग म्हटलं, "ती जागा कशी चुकते हे गावात एकालाच माहीत हाय. दुसऱ्याला दिलीत तर तो नव्यानं शिकेल." हिराजीनं मान हलवली. झालं.

प्रितम गर्दीत मागे होता. पुढे आला नाही. पण आज पहाटे उजेड झाल्यावर, डोंगर पूर्ण दिसायला लागल्यावरच, त्यानं होडी काढली. मी धक्क्यावर होते. तो एकटाच उभा होता सुकाणूवर, हात डोळ्यांवर धरून, ट्रॉम्बेकडे बघत. बराच वेळ खाडीत थांबून राहिला. बाकीच्या होड्या पुढे गेल्या.

आपल्या घराची चार पिढ्यांची जागा गेली. मला वाटलं होतं आत काहीतरी होईल. काही झालं नाही. घरी आले, भात लावला.

तुला का लिहिते ते सांगते. तू कुठल्यातरी तारखेला घाबरून येत नव्हतीस असं मला वाटायचं. जागेसाठी बोलावतात, विधीसाठी बोलावतात, आई विधवा व्हायची थांबली आहे म्हणून बोलावतात. एवढी कारणं एकदम डोक्यावर घेऊन कुणीही स्टेशनवरूनच परत जाईल. आता त्यातलं काही उरलं नाही. पौर्णिमा गेली, जागा गेली. नलिनीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, घाई नाय. प्रितम तुझं नाव पुन्हा घेणार नाही, आणि दुसऱ्या कुणी घेतलं तर मी उभी राहीन, गुडघे दुखले तरी. गाव काहीही विचारणार नाही, गावाला बर्फाच्या मशीनचं भांडण आहे.

रामचंद्र तूर्त पाण्यात आहे. त्याला तिथली सवय आहे.

भटजीला मी विचारलं, उशीर झाला तर चालतं का? तो म्हणाला, पुतळ्याला उशीर नसतो. पुढल्या वर्षी करा, दहा वर्षांनी करा. त्याला दर्भ लागतो आणि घरचं माणूस लागतं.

दर्भ घाटकोपरला मिळतो.

बय